जुन्या इंजिनाची साक्ष

मोटारीच्या इंजिनावरचा लेख कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. मी शिकवितो इतिहास. साधनचिकित्सा हा आमच्या विषयाचा कणा, आणि विद्यार्थ्यांना सर्वांत रुक्ष वाटणारा भागही तोच. साधन अस्सल की बनावट, ते कोणी आणि कशासाठी लिहिले, दोन साधने परस्परविरुद्ध बोलू लागली तर कोणाचे ऐकावयाचे, हे प्रश्न फळ्यावर लिहिले की वर्गात जांभया सुरू होतात. मध्यंतरी मी घरच्या गॅरेजमध्ये एक जुने इंजिन पूर्ण सुटे करून पुन्हा उभे केले. त्या कामात नेमके हेच प्रश्न पावलोपावली उभे राहिले, आणि तेथे जांभई देण्याची सोय नव्हती. म्हणून हा विषय निवडला. मी यंत्रशास्त्रातला अधिकारी नव्हे. गावातील एक वयोवृद्ध मिस्त्री रोज संध्याकाळी येऊन बसत, आणि त्यांच्या देखरेखीखाली हे काम झाले, एवढे प्रारंभीच सांगितले पाहिजे.

यंत्राची वंशावळ

गाडी माझ्या वडिलांची. १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. वडील तालुक्याच्या गावी डॉक्टर होते आणि याच गाडीने रात्री-अपरात्री खेड्यापाड्यांत जात असत. गाडी १९७८ ची असली तरी तिच्या इंजिनाचे कूळ बरेच जुने आहे. इटलीतील फियाट कंपनीने १९३७ मध्ये '५०८ सी' ही गाडी काढली. दान्ते जाकोसा या अभियंत्याचा तिच्या रचनेत मोठा वाटा होता. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, असे तिच्या इंजिनाचे माप होते. सिलिंडरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्यास धावेने आणि मग चाराने गुणले की १०८९ घन सेंटिमीटर हा आकडा येतो. १९५३ मध्ये फियाटची नवी 'अकराशे' आली, तिच्यातही हेच माप होते.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९५० च्या दशकात ही गाडी आपल्याकडे बाहेर पडू लागली. इटलीमध्ये अकराशेचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. आपल्याकडे मात्र डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावे बदलत ती २००० सालाच्या सुमारापर्यंत निघत राहिली. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून तिने त्यानंतरही दिवस काढले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. सारांश, १९३७ साली कागदावर उतरलेली आकृती साठ वर्षांहून अधिक काळ ओतली जात होती. एवढ्या दीर्घ आयुष्याचे एक कारण असे की या इंजिनाचा प्रत्येक भाग सुटा करता येतो, मोजता येतो आणि झिजला तर पुढच्या मापाचा भाग घालून पुन्हा चालविता येतो.

वडिलांच्या पश्चात गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती निळा धूर सोडीत होती आणि चढावर दम टाकीत होती. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते व त्यासाठी गाडीची तपासणी होते. असा धूर ओकणारी गाडी त्या तपासणीतून पार पडणे शक्य नव्हते. भंगारवाल्याने भाव सांगून ठेवला होता. ज्यांना दाखविली त्या बहुतेकांचे मत एकच पडले: "बोअर गेला, रिंगा गेल्या, इंजिन संपले." मत एकमुखी असले म्हणजे ते खरे असते, असे मानण्याचा मोह येथे होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमके येथेच थांबावयास हवे.

उघडण्यापूर्वी

इंजिन उघडण्यापूर्वी त्याला बाहेरून प्रश्न विचारता येतात. पहिली साक्ष धुराची. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, सतत निघणारा पांढरा धूर म्हणजे बहुधा पाणी आत शिरते आहे, आणि निळा धूर म्हणजे इंजिनातील तेल जळते आहे. तेल कोठून येते तेही धुराच्या वेळेवरून ताडता येते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताच क्षणभर निघणारा धूर व्हॉल्व्हच्या बाजूने उतरलेल्या तेलाचा असतो. गाडी ओढीत असताना निघणारा धूर पिस्टनच्या रिंगांकडे बोट दाखवितो. आमच्या गाडीत दोन्ही होते.

दुसरी साक्ष दाबाची. इंजिन गरम करून चारही प्लग काढावयाचे, एकेका भोकात दाबमापक धरून स्टार्टरने इंजिन फिरवावयाचे आणि आकडे टिपावयाचे. आम्हांला मिळालेले आकडे, दर चौरस इंचास पौंड या मापाने, अनुक्रमे ११५, ११०, ७० आणि ११० असे होते. तिसरा सिलिंडर उघडच आजारी होता. परंतु आजार कोणता? यासाठी एक साधी युक्ती आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा दाब मोजावयाचा. तेल रिंगांच्या भोवतीची फट तात्पुरती बुजविते. त्यामुळे दाब वाढला तर गळती रिंगांतून होती, आणि वाढला नाही तर ती अन्यत्र, म्हणजे बहुधा व्हॉल्व्हमधून आहे. पहिला, दुसरा आणि चौथा हे तिन्ही १३० च्या आसपास गेले. तिसरा ७० वरून जेमतेम ७६ झाला.

म्हणजे लोकमत अर्धेच खरे निघाले. रिंगा झिजल्या होत्या हे खरे, परंतु गाडीचा दम काढणारा मुख्य आजार तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये होता. केवळ मतावर विसंबून नव्या रिंगा घातल्या असत्या तर खर्च होऊनही गाडी तशीच राहिली असती.

सुटे करणे

इंजिन गाडीतून काढण्यासाठी भाड्याने आणलेली चेन पुली लोखंडी तिवईला अडकविली. घराच्या आढ्याला ती कोणी टांगू नये. इंजिनाचे वजन आढ्यासाठी धरलेले नसते. त्यानंतर सुटे करण्यास प्रारंभ झाला.

सुटे करणे हे या विद्येतील सर्वांत सोपे काम आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे. पाना हाती आला की माणसाला वेग चढतो. मिस्त्रींचा दंडक असा की प्रत्येक भागाची जागा लिहून झाल्याशिवाय दुसऱ्या भागाला हात लावावयाचा नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे जमवून त्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या. आठ पुशरॉडांसाठी पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोके पाडून आकडे घातले. हे अवडंबर नव्हे. चाळीस वर्षे एकमेकांवर घासलेले दोन भाग एकमेकांच्या मापाने झिजलेले असतात, आणि त्यांच्या जोड्या बदलल्या तर दोन्ही बिघडतात. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी यांचे तर भोकच कारखान्यात दोन्ही एकत्र आवळून कापलेले असते; एकाची टोपी दुसऱ्याला बसविली की ते भोक गोल राहत नाही. म्हणून उघडण्यापूर्वी दोहोंवर पंचने एक, दोन, तीन, चार असे ठिपके मारून घ्यावयाचे. शेतात सापडलेले नाणे कोणत्या थरात सापडले हे न नोंदविता उचलून आणले की ते नाणे राहते, पुरावा राहत नाही. इंजिनातील सुट्या भागाची गतही तीच.

हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. ते गरम असताना सोडले तर वाकते. म्हणून रात्रभर थंड होऊ द्यावयाचे आणि नट बाहेरच्या बाजूकडून आत, थोडे थोडे असे सैल करावयाचे. हेड निघाले आणि तिसऱ्या सिलिंडरचा धूर बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह पाहावयास मिळाला. त्याच्या कडेचा एक तुकडा जळून खाच पडली होती. दाबमापकाने सांगितलेली गोष्ट डोळ्यांनी दिसली.

तो जळला का, हा पुढचा प्रश्न. व्हॉल्व्ह तापतो तेव्हा लांब होतो, म्हणून तो आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते. ही फट असली की इंजिन किंचित टिकटिकते. पुष्कळांना तो आवाज दोष वाटतो, आणि आवाज नको म्हणून फट कमी करून घेतली जाते. त्यातच व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत वर्षानुवर्षे खोल बसत जातो, त्यानेही फट आटते. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. मिटलेल्या अवस्थेतच तो आपली उष्णता बैठकीला देऊन थंड होत असतो. ती वाट बंद झाली की तो जळतो. वडिलांना गाडी नि:शब्द चाललेली आवडे. खेड्यात रात्री आवाज होऊ नये, झोपलेली माणसे उठू नयेत, असे ते म्हणत, आणि मिस्त्र्याला तसे सांगून टॅपेट आवळून घेत. त्यांच्या वहीत तशा नोंदी आहेत. हेतू चांगला होता. व्हॉल्व्ह जळला तो त्यामुळे.

मोजमाप

यानंतरचे काम डोळ्यांचे नाही, मापकांचे आहे. शतांश मिलिमीटर हे येथील एकक. डोक्याचा केस साधारण पाच ते दहा शतांश जाड असतो, यावरून कल्पना यावी.

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. ताशी साठ किलोमीटरचा वेग किंवा चढण, अशा वेळी इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते असे धरू. म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर एकदा व खाली एकदा क्षणमात्र थांबतो. सेकंदाला शंभर वेळा थांबणे आणि उलट फिरणे! वरच्या टोकाला तो थांबतो तेव्हा दाब सर्वाधिक, उष्णता सर्वाधिक आणि तेल सर्वांत कमी असते. चालता असताना तेलाचा पातळ थर पिस्टनच्या रिंगेला भिंतीपासून अलग ठेवतो. थांबताच तो थर तुटतो. म्हणून सिलिंडर वरच्या बाजूला अधिक झिजतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा होऊन पिस्टनला बाजूच्या भिंतीवर रेटतो, त्यामुळे भोक गोल न राहता लंबगोल होते. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी आणि उभ्या-आडव्या दोन दिशांनी मोजावयाचा तो यासाठी.

आमच्या पिस्टनांच्या माथ्यावर ०.२ असा आकडा उमटलेला होता. म्हणजे इंजिन पूर्वी एकदा उघडले जाऊन ६८.२० मिलिमीटरपर्यंत बोअर झाले होते. आता सर्वांत झिजलेल्या तिसऱ्या सिलिंडरचे माप वर आडवे ६८.३६, उभे ६८.३१ आणि खाली ६८.२२ भरले. पुढचे माप ६८.४० चे; परंतु त्यात अवघे चार शतांश शिल्लक राहत होते, आणि झिजेचा मध्य मूळ मध्यापासून सरकलेला असल्यास तेवढ्यात भिंत स्वच्छ निघेलच याची खात्री नव्हती. म्हणून ६८.६० हे माप ठरले. पिस्टन मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात मिळाले आणि बोअरचे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाले. जाता जाता गणित सांगतो: या मापाने १०८९ चे इंजिन आता सुमारे ११०९ घन सेंटिमीटरचे झाले आहे.

बिल आणि बेअरिंग

आता साधनचिकित्सेचा खरा पेच सांगतो. वडिलांच्या कागदांत १९९१ सालचे एक बिल आहे. गॅरेजचे नाव येथे देण्याचे कारण नाही. त्यात 'बोअर ०.२', 'क्रँक ग्राइंड १० थाऊ', 'बेअरिंग सेट' अशी कलमे असून खाली पैसे मिळाल्याची सही आहे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. क्रँक शाफ्ट झिजला की त्याची बैठक घासून गोल करतात, आणि जेवढी घासली तेवढ्या जाडीची बेअरिंगे घालतात. अशा बेअरिंगांच्या पाठीवर ते माप कोरलेले असते.

आमच्या बेअरिंगांच्या पाठीवर कमी मापाची कोणतीही खूण नव्हती. मायक्रोमीटरने क्रँक मोजला, तो मूळ मापाच्या दोन शतांशांच्या आत भरला. दहा थाऊ म्हणजे पंचवीस शतांशांहून अधिक. तो फरक लपून राहण्याजोगा नाही. बोअरचे कलम खरे होते, पिस्टनच त्याला साक्षी होते. क्रँकचे कलम मात्र इंजिन मान्य करीत नव्हते.

पहिला निष्कर्ष कोणालाही सुचेल: वडिलांकडून न केलेल्या कामाचे पैसे घेतले गेले. ज्या माणसाकडे ते वर्षानुवर्षे विश्वासाने जात त्याच्याबद्दलचा हा निष्कर्ष होता, म्हणून तो मला जड गेला. मी तो मिस्त्रींना बोलून दाखविला. ते क्रँकवर नख फिरवीत होते. नखाला ओरखडा लागला तर बैठक खराब, नाही तर ठीक, अशी त्यांची जुनी परीक्षा. ते म्हणाले, "सर, क्रँकचं माप मूळ आहे, एवढंच तो सांगतोय. हाच क्रँक ९१ साली गाडीत होता, हे कुठं सांगतोय?"

विचार केला तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. घासलेला क्रँक पुढे केव्हातरी बदलून दुसऱ्या गाडीचा चांगला क्रँक बसविला गेला असेल. घासण्याऐवजी तेव्हाच बदलून बिलावर नेहमीचे कलम लिहिले गेले असेल. किंवा खरोखरच फसवणूक झाली असेल. वडिलांच्या वहीत याविषयी एक अक्षर नाही. तीनही शक्यता पुराव्याशी जुळतात, आणि तिघींतून एक निवडण्यास लागणारा चौथा पुरावा माझ्यापाशी नाही. अशा ठिकाणी राग हा पुरावा होऊ शकत नाही, आणि विश्वासही होऊ शकत नाही.

मात्र एक गोष्ट निश्चित होती. क्रँक मूळ मापाचा असल्यामुळे त्याच्या अंगात घासण्याजोगा लोखंडाचा साठा पूर्ण शिल्लक होता. फसवणूक असो वा नसो, १९९१ मध्ये जे झाले किंवा झाले नाही त्यामुळेच हे इंजिन आज वाचण्याजोगे राहिले होते. मोजमाप ठीक असल्याने आम्ही क्रँक घासला नाही. नुसता साफ करून त्याच मापाची नवी बेअरिंगे घातली.

जोडणी

जे बिघडलेले नाही त्याला हात न लावणे हीही एक विद्या आहे. नवे इंजिन करावयाचे नसून आहे ते इंजिन चालते करावयाचे, हा विवेक सुटला की खर्च वाढतो आणि मूळ वस्तू हरवते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. तेथेही संपादकांचे काम पाठ सुंदर करण्याचे नव्हते, हस्तलिखितांच्या आधाराने ठरविण्याचे होते. आम्ही पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, टायमिंग चेन आणि तिसऱ्याचा तो व्हॉल्व्ह नवा घातला. उरलेले सात व्हॉल्व्ह पेस्ट लावून आपापल्या बैठकीवर घासले. कडेला अखंड करडी रेघ उमटली की घासणे पुरे.

बोअर केलेल्या भिंतीवर मुद्दाम फुलीफुलीचे बारीक ओरखडे ठेवलेले असतात. तेल त्यांत टिकते. परंतु त्याच ओरखड्यांत दगडाची पूडही अडकते. रॉकेलने ती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन, पांढरे फडके फिरविल्यावर पांढरेच निघेपर्यंत धुवावे लागते, आणि लगेच तेल लावावे लागते. नाहीतर तासाभरात गंज चढतो. प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या टोकांतली फट पाहिली, ती या मापाला साधारण पाव मिलिमीटर हवी. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ दिल्या नाहीत. हेडचे नट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, पुस्तकात दिलेल्या जोराने आवळले. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा.

सुरू करण्यापूर्वी प्लग काढून ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत इंजिन नुसते फिरविले. मग प्लग बसविले. तिसऱ्या प्रयत्नात ते पेटले. पहिले हजार किलोमीटर जोर न देता चालविले आणि तेल लवकर बदलले. त्यानंतर दाब मोजला तेव्हा चारही सिलिंडर १३५ ते १४० च्या दरम्यान होते. निळा धूर थांबला, तपासणी पार पडली आणि नोंदणी पाच वर्षांसाठी नवी झाली.

तात्पर्य

विद्यार्थी मित्रहो, आपल्याकडे पोथी वाचणारा आणि पाना फिरविणारा यांच्यामध्ये फार जुनी भिंत आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली ती या भिंतीवरचा घाव होता. ती भिंत अद्याप पुरती पडलेली नाही. माझे मिस्त्री सातवी शिकलेले. 'क्रँक एवढंच सांगतोय' हे त्यांचे वाक्य मी आता साधनचिकित्सेच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. साधन जेवढे सांगते तेवढेच त्याच्या तोंडी घालावयाचे, अधिक नाही, हा आमच्या शास्त्राचा पहिला नियम त्यांनी पुस्तकावाचून जाणलेला आहे.

आणखी एक. टॅपेटची फट आता योग्य ठेवली आहे, त्यामुळे गाडी किंचित टिकटिकते. शेजारी विचारतात, एवढे काम करून आवाज का राहिला? त्यांना सांगतो की तो आवाज असावयासच हवा. १९९१ चे ते बिल मी फाडले नाही. त्याला एक कागद टाचून त्यावर क्रँकची मापे, बेअरिंगांची स्थिती आणि तारीख लिहून ठेवली आहे. निष्कर्षाची जागा कोरी आहे. चौथा पुरावा ज्याला सापडेल त्याने ती भरावी.